गोळ्यांची बेरीज

सोनपापडीचा रिकामा डबा हे आमच्या जुन्या इंदुरातलं औषधांचं कपाट. काही घरांत त्याच्या जागी बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो, काही घरांत साडीच्या दुकानाची पिशवी. रावजी बाजाराजवळच्या एका गल्लीत चौतीस वर्षं माझं मेडिकल होतं. तिथे एका दुपारी शेजारच्या काकूंनी असाच एक डबा काउंटरवर उपडा केला. अकरा पत्ते निघाले. गोळ्यांच्या स्ट्रिपला आम्ही इंदूरकर हिंदीतून उचललेला ‘पत्ता’ हाच शब्द वापरतो. काकूंची तक्रार एवढीच की सकाळी पलंगावरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि त्यासाठी दिलेल्या चक्करच्या गोळीनंही फरक पडत नाही. पत्ते ओळीनं मांडले तेव्हा लक्षात आलं, दोन पत्ते एकाच औषधाचे होते. टेल्मिसार्टन, रक्तदाबाची गोळी. एक हृदयाच्या डॉक्टरांनी लिहिलेली, दुसरी इस्पितळातून घरी सोडताना मिळालेल्या कागदावरची. कंपन्या वेगळ्या म्हणून नावं वेगळी, रंग वेगळे. काकू दोन्ही गोळ्या इमानेइतबारे घेत होत्या. दुप्पट औषधानं दाब उतरत होता, दाब उतरल्यानं चक्कर येत होती, आणि चक्करसाठी तिसरा पत्ता डब्यात आला होता.

यात चुकलं कोण, असा प्रश्न घरच्यांनी मला विचारला. प्रत्येक पर्चा, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी, आपापल्या जागी बरोबर होता. दोनांपैकी एक पत्ता तर माझ्याच दुकानातून गेला होता, आणि तो देताना घरात दुसरा आहे का हे मी विचारलं नव्हतं. लिहिणारे तीन, विकणारे दोन, घेणारी एक, आणि बेरीज करणारं कोणीच नाही. उतारवयातल्या औषधांची बहुतेक दुखणी या न झालेल्या बेरजेतून येतात, असं माझं आता मत झालं आहे. हे पुस्तक त्या बेरजेविषयी आहे.

जुनी इंदूर हे होळकरांच्या राजवाड्याच्याही आधीचं इंदूर. कान्ह आणि सरस्वती या नद्यांच्या काठची वस्ती, जमीनदारांचा बडा रावळा, शनिमंदिर, हरसिद्धी, मोती तबेला. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली आणि शहर नदीपलीकडे पसरत गेलं. या भागातल्या मराठी घरांतली पुढची पिढी लोकमान्यनगर, सुदामानगर, राजेंद्रनगरकडे सरकली. त्यापुढची पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला. जुन्या घरांत मागे राहिली ती बहुतेक सत्तरीपुढची माणसं. त्यांना औषध मिळत नाही असं नाही. इंदुरात १८७८ पासून वैद्यकाचं शिक्षण मिळतं आहे. महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९४८ चं. महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे आमचं एम. वाय., रिक्षानं जाण्याच्या अंतरावर, आणि ठोक औषधांचा दवा बाजारही तिथून जवळच. मिळालेल्या औषधांचं पुढे काय करायचं, ते मात्र कुठेच शिकवलं जात नाही.

हा विषय नवा वाटला तरी त्याची मुळं जुनी आहेत. आयुर्वेदाच्या आठ अंगांत वार्धक्याला स्वतंत्र जागा आहे, रसायनचिकित्सेची. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो औषधकालाचा विचार. औषध रिकाम्या पोटी घ्यायचं, जेवणाआधी, जेवणाच्या मध्ये, जेवणानंतर, घासागणिक की रात्री निजताना, असे दहा काळ वाग्भटानं सांगितले आहेत. कशाबरोबर घ्यायचं, त्याला अनुपान हा शब्द आहे. गोळी कोणती याइतकाच ती कधी आणि कशाबरोबर हाही औषधाचाच भाग, ही समज आपल्या आज्यांना होती. थायरॉइडची गोळी चहाबरोबर आणि कॅल्शियमची तिच्या पाठोपाठ घेणाऱ्या आजच्या माणसाजवळ ती उरलेली नाही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्त्याला अर्धा ते एक तास थांबायचं आणि कॅल्शियम किंवा लोह चार तासांनी. हे नवं अनुपानच आहे. फक्त ते सांगायला घरात वैद्य येत नाही.

आधुनिक वैद्यकात या विषयाला वळण लागलं ते विसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि त्या वळणावर एक मुंबईकर उभा आहे. सर्पगंधा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब यांवरचा तिचा उपयोग वैद्यकीय नियतकालिकात मांडला. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधेवरचा निबंध ब्रिटिश नियतकालिकात आला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. त्या मुळीतून निघालेलं रिसर्पिन पुढे जगभर गेलं. त्याच सुमारास, १९४८ पासून, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात हजारो माणसांच्या प्रकृतीची वर्षानुवर्षं नोंद ठेवायला सुरुवात झाली होती. वाढलेला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल माणूस धडधाकट दिसत असतानाच हृदयरोगाची वाट तयार करतात, हे तिथून १९६१ पर्यंत स्पष्ट झालं. याच काळापासून औषधंही येऊ लागली: १९५७ मध्ये मेटफॉर्मिन, १९५८ मध्ये लघवीवाटे क्षार काढणाऱ्या गोळ्या, १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल, १९८१ मध्ये कॅप्टोप्रिल, १९८७ मध्ये पहिलं स्टॅटिन.

यातला खरा बदल औषधांचा नव्हता, औषध म्हणजे काय या कल्पनेचाच होता. तोवर माणूस दुखलं की औषध घेई आणि बरं वाटलं की थांबे. आता काही दुखत नसताना, एका आकड्यासाठी, आयुष्यभर औषध घ्यायचं होतं. ही कल्पना आमच्या गल्लीत अजून पुरती उतरलेली नाही. ‘बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली,’ हे वाक्य मी काउंटरवर किती वेळा ऐकलं असेल! ताप उतरला की क्रोसिन थांबवायची, त्याच हिशेबानं माणसं बीपीची गोळी थांबवतात. गोळी चालू आहे म्हणून आकडा नॉर्मल आहे, हे सांगायला एक मिनिट लागतं आणि पटायला एखादा अर्धांगवायू.

वार्धक्याचं वैद्यक मात्र वेगळ्या वाटेनं आलं. १९०९ मध्ये अमेरिकेत इग्नाट्झ नॅशर यांनी बालरोगशास्त्राच्या धर्तीवर त्याला ‘जेरियाट्रिक्स’ हे नाव दिलं. १९३५ नंतर लंडनमध्ये मार्जरी वॉरन यांनी असाध्य म्हणून खाटेवर सोडून दिलेल्या म्हाताऱ्यांना तपासून, उठवून, चालतं करून घरी पाठवून दाखवलं. आपल्याकडे मद्रासमध्ये डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ मध्ये वृद्धांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. ही वाट एका आकड्याकडे पाहत नव्हती. माणूस स्वतः उठतो का, जेवतो का, पडतो का, विसरतो का, हे ती विचारत होती. या दोन वाटा जिथे एकमेकींना भेटतात तिथे सोनपापडीचा डबा आहे.

भेट झाली ती भांडणासकट. आज या क्षेत्रात चार विचारधारा ढोबळमानानं दिसतात. नवख्या वाचकाला त्या ओळखता आल्या तर दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतात याचं कोडं बरंचसं सुटेल.

पहिली आकड्याची. साखर, दाब, कोलेस्टेरॉल यांचं लक्ष्य ठरवा आणि गाठा. तिच्या पाठीशी मोठे पुरावे आहेत. ‘आता ऐंशी वर्षं झाली, बीपीची गोळी कशाला?’ हा समज २००८ च्या हायव्हेट चाचणीनं खोटा ठरवला; ऐंशीपुढच्या माणसांतही दाब बेताचा आणल्यानं मृत्यू आणि हृदय निकामी होणं कमी झालं. पण त्याच वर्षी अ‍ॅकॉर्ड या चाचणीत साखर फार काटेकोर उतरवलेल्या गटात मृत्यू वाढले आणि तो भाग मध्येच थांबवावा लागला. तेव्हापासून अशक्त, अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी साखरेचं लक्ष्य सैल ठेवावं हे मान्य झालं आहे. चाळिशीच्या मुलाचं एचबीएवनसी सातच्या आत हवं म्हणून पंच्याऐंशीच्या आजोबांचंही तिथेच आणायचा हट्ट नको.

दुसरी विचारधारा कमी करण्याची. १९९१ मध्ये अमेरिकेतले डॉ. मार्क बीअर्स यांनी वृद्धाश्रमातल्या रुग्णांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती यादी आजही सुधारून निघते. २०२३ मध्येही तिची मोठी सुधारणा झाली. सर्पगंधेतून निघालेल्या रिसर्पिनलाही पुढे या यादीत जागा मिळाली, यातली गंमत वाचकाच्या लक्षात येईल. २००८ मध्ये आयर्लंडमधून ‘स्टॉप’ आणि ‘स्टार्ट’ अशा जोड-याद्या आल्या. काय थांबवावं याच्यासोबत काय द्यायचं राहून गेलं आहे तेही त्या विचारतात, म्हणून त्या मला अधिक न्यायी वाटतात. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ यांनी १९९० च्या दशकात काकूंच्या डब्यातल्या गोष्टीलाच नाव दिलं: एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो, त्यावर दुसरं औषध येतं, त्याच्या दुष्परिणामावर तिसरं. अ‍ॅम्लोडिपिननं घोट्यावर सूज येते, सुजेवर लघवीची गोळी येते, तिनं पाय वळतात, वळणाऱ्या पायांवर ‘ताकदीची’ गोळी. मी या साखळीला उसन्यावर उसनं म्हणतो. इंदूरच्या व्यापाऱ्याला ते लगेच कळतं.

तिसरी विचारधारा सवयीची. गोळी उत्तम आहे, पण ती पोटात जाते का? जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ च्या अहवालात सांगितलं की प्रगत देशांतही दीर्घ आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणारे निम्म्याच्या आसपासच असतात. म्हणून ही मंडळी डोसच्या वेळा कमी करतात, वारांचे डबे देतात, तीन-चार औषधं एका गोळीत घालतात. या ‘पॉलिपिल’ची एक महत्त्वाची चाचणी २००९ मध्ये भारतातच झाली, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अशा गोळ्यांना आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांत सुरू झालेला उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रमही याच वळणाचा. पहिल्या पाच राज्यांत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही होते. ठरलेली साधी औषधं, महिनाभराचा पुरवठा, आणि न आलेल्या माणसाची चौकशी. यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते शेवटचं.

चौथी विचारधारा पथ्याची. आहार, चालणं, झोप, आणि अनेकांच्या बाबतीत आयुर्वेद किंवा होमिओपॅथी. ती स्वस्त आहे, आपल्या रक्तातली आहे, आणि तिच्यात खूप तथ्य आहे. मात्र ‘जडीबुटीचं काही नुकसान नसतं’ या समजुतीपायी डॉक्टरांना न सांगता घेतलेली चूर्णं हाच बेरजेतला सर्वांत लपलेला आकडा असतो. आणि पथ्य इंदुरात सांगायचं म्हणजे पोहे-जिलेबी, शेव आणि सराफ्यातल्या खाण्याशी वैर घ्यायचं. दिवसाला पाच ग्रॅम मीठ पुरे म्हणणारी शिफारस ज्यांनी लिहिली त्यांनी आमच्याकडे पोह्यांवर शेव पडताना पाहिलेली नसावी. या पुस्तकानं शेव बंद करा असं कुठेही म्हटलेलं नाही. मुठीतून चिमटीत आणा, एवढंच म्हटलं आहे, कारण तेवढं ऐकलं जातं.

या चौघींत आम्ही कोणाच्या बाजूचे? प्रामाणिक उत्तर असं की चौघींनाही डब्यातला एकेक पत्ताच दिसतो. बेरीज करायला बसलं की चौघींची गरज पडते, आणि बसायची जागा दवाखान्यात नसते. डॉक्टर पाच मिनिटांत पर्चा लिहितात. तो पुढे पंधरा-वीस वर्षं स्वयंपाकघरात, देवघराशेजारच्या कोनाड्यात, टीव्हीवरच्या ट्रेमध्ये अमलात येतो. औषध घेणं हे घरकाम आहे. दूध, भाजी, वीजबिल यांसारखंच रोजचं, न दिसणारं, आणि बहुधा एका बाईच्या अंगावर पडलेलं. घरातल्या यजमानांच्या सात गोळ्या ज्यांना तोंडपाठ, त्यांनी स्वतःची तपासणी सहा महिने पुढे ढकललेली असते, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

उतारवयाचं शरीर हा या बेरजेतला हातचा. तो धरला नाही तर उत्तर चुकतंच. वयाबरोबर मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद उतरते, पण रक्ततपासणीत ते सहज दिसत नाही. उदाहरण घ्या. सत्तर किलोचा तीस वर्षांचा तरुण आणि पंचेचाळीस किलोच्या ऐंशी वर्षांच्या आजी. दोघांचं क्रिएटिनिन १.२. कागदावर दोघं सारखी. पण वय आणि वजन धरणारं, १९७६ पासून वापरात असलेलं कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र लावलं तर तरुणाची गाळण मिनिटाला साधारण ८९ मिलिलिटर येते आणि आजींची साधारण २७. मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारं औषध आजींच्या अंगात त्यामुळे फार वेळ रेंगाळतं. मेटफॉर्मिनसारख्या औषधाचा डोस इथे नव्याने ठरवावा लागतो, कधी ते बंदच करावं लागतं. आणि याच आजी गुडघ्यांसाठी मेडिकलवरून ‘ती नेहमीची दुखण्याची गोळी’ मागतात. रक्तदाबाची काही औषधं, लघवीची गोळी आणि वेदनाशामक ही तिघं एकत्र आली की दुबळं मूत्रपिंड काही दिवसांत बसू शकतं. वेदनाशामक पर्च्यावर नसतं, म्हणून डॉक्टरांना ते माहीतच नसतं.

अशीच गोष्ट झोपेच्या गोळीची. रात्री शांत झोप लागते, पहाटे न्हाणीघराकडे जाताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. सर्दीच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी वृद्ध माणूस विसराळू आणि भांबावलेला होतो, आणि घरच्यांना वाटतं, आता वयच झालं. म्हणून ‘वयामुळे’ हा शब्द उच्चारण्याआधी डबा उघडून पाहा, असा आमचा आग्रह आहे. उलट बाजूही तितकीच खरी. एखादी गोळी नको वाटली म्हणून स्वतःच्या मनानं बंद करणं धोक्याचं असतं. नाडीचा वेग कमी करणारी काही औषधं, स्टेरॉइड, झोपेची गोळी ही एकाएकी थांबवली तर शरीर उलटतं. वजाबाकी डॉक्टरांच्या देखतच करायची.

आणि मग आपलं पंचांग. कोणत्याही परदेशी पुस्तकात एकादशीचा अध्याय नसतो. शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या पोटात अन्न येणार हे गृहीत धरून काम करतात. निर्जळी उपास धरला आणि गोळी मात्र वेळेवर घेतली, तर दुपारी घाम, थरथर आणि बेशुद्धी. लघवीची गोळी चालू असताना माळव्याच्या मे महिन्यात पाणी कमी पडलं की दाब एकदम उतरतो. ओंकारेश्वराला गेलेल्या आजोबांची पिशवी घरी राहते आणि तीन दिवस गोळ्या चुकतात. लाइट गेली की इन्सुलिनचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या गल्लीत बड्या परिषदांतल्या भाषणांपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. फ्रिज नसेल तर माठाच्या ओलसर गारव्याचा आधार मिळतो, आणि बर्फाला चिकटून गोठलेलं इन्सुलिन मात्र कायमचं वाया गेलेलं असतं.

हे सगळं आत्ताच का लिहायचं? आकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं सुमारे १०.४ कोटी होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं देशात मधुमेहाचे १०.१ कोटी आणि उच्च रक्तदाबाचे ३१.५ कोटी रुग्ण असल्याचा अंदाज दिला. सरकारनं हालचाल केलेली आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. २००८ पासून जनऔषधी दुकानं आली आणि तेच औषध पुष्कळ स्वस्तात मिळू लागलं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. पण ती योजना मुळात इस्पितळात दाखल झालेल्यासाठी आहे. रोजच्या आठ गोळ्यांची बेरीज तिच्या कक्षेत येत नाही. पडून खुबा मोडला तर शस्त्रक्रिया फुकट. पाडणारी गोळी ओळखायला मात्र कोणी नाही.

दुसरं कारण बाजाराचं. पूर्वी एक घरचा डॉक्टर असे आणि एक मेडिकल. आज हृदयाचा वेगळा, साखरेचा वेगळा, हाडांचा वेगळा. औषधं निम्मी मुलगा बंगळुरूहून मोबाइलवर मागवतो, निम्मी पुतण्या दवा बाजारातून आणतो. ऑगस्ट २०२३ पासून तीनशे नामांकित औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालं. चांगलंच आहे, पण तो वाचायला आजोबांना चष्मा आणि नातू दोन्ही लागतात. २०१५ च्या नियमांनी औषध देताना रुग्णाला समजावून सांगण्याची जबाबदारी फार्मासिस्टवर टाकली. मी त्या धंद्यातला. काउंटरवर सहा माणसं उभी असताना ती जबाबदारी कशी पार पडते ते मला ठाऊक आहे. म्हणून तो दोष मी इतरांवर टाकत नाही. या पुस्तकातून त्याची थोडी परतफेड करतो आहे.

पुस्तकाचा जन्म माझ्या दुकानाच्या ओट्यावर झाला. दर गुरुवारी संध्याकाळी गल्लीतली मंडळी आपापले डबे घेऊन बसू लागली. शनिवार ठेवला असता, पण शनिमंदिराच्या गर्दीत आमच्या भागात बसणं अवघड. दोन निवृत्त डॉक्टर, एक परिचारिका, एक आहारतज्ज्ञ आणि एक वैद्य अधूनमधून येत. माझं काम पत्ते ओळीनं मांडून मूळ औषधांची नावं मोठ्या अक्षरांत लिहिण्याचं. आम्ही कोणाची गोळी बंद केली नाही की बदलली नाही. प्रत्येकाला एक कागद आणि तीन-चार प्रश्न देऊन त्याच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं. ही गोळी कशासाठी? किती दिवस? या दोघींचं एकमेकींशी जमतं का? एखादी कमी करता येईल का? यातले पुष्कळ डॉक्टर प्रश्नांनी रागावले नाहीत. पूर्ण यादी पहिल्यांदाच समोर आली म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. काकूंच्या तीन पत्त्यांपैकी दोन अशाच एका भेटीत कमी झाले.

त्या गुरुवारांतून निघालेले प्रश्न, त्यांची जाणकारांकडून तपासून घेतलेली उत्तरं, आणि माणसांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलेले अनुभव असा हा संग्रह आहे. त्याची मांडणी आजारांप्रमाणे केलेली नाही, घराप्रमाणे केली आहे, कारण सत्तरीत आजार एकेकटा येत नाही. हे पुस्तक वाचून रोगनिदान करता येणार नाही, डोस ठरवता येणार नाही. शेवटच्या आजारपणात काय करावं आणि काय करू नये, हा मोठा विषयही आम्ही मुद्दाम बाहेर ठेवला आहे. त्याला वेगळं पुस्तक आणि आमच्याहून वडील माणसं हवीत. इथे आहे ती गोळी हातात आल्यापासून पोटात जाईपर्यंतची वाट, आणि तिथून पुढे तिनं काय केलं यावर ठेवायची नजर. आम्ही ते सत्तरीतल्या माणसांसाठी लिहिलं आहे, पण दुरून फोनवर ‘बाबा, गोळ्या घेतल्या ना?’ विचारणाऱ्या मुलींनी आणि मुलांनीही वाचावं. त्या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘हो’ असंच येतं. ‘आज कोणत्या घेतल्या, वाचून दाखवा’ असं म्हणून पाहा, संभाषण वेगळ्या ठिकाणी जाईल.

भाषेबद्दल एक शब्द. मराठी वैद्यकीय परिभाषा आम्हाला येते, पण ओट्यावर कोणी ‘प्रतिजैविक’ म्हणत नव्हतं. म्हणून बीपी, शुगर, गॅसची गोळी, रक्त पातळ करायची गोळी हेच शब्द ठेवले. पर्चा आणि पत्ता हे इंदुरी शब्दही तसेच राहू दिले; पुण्याच्या वाचकांनी ते पाहुणे म्हणून घरात घ्यावेत.

पुस्तकाची शेवटची चार पानं कोरी आहेत. रकाने आखलेले आहेत: मूळ औषधाचं नाव, कशासाठी, किती, केव्हा, कोणी लिहिलं, कधीपासून. बाम, चूर्णं, डोळ्यांतले थेंब आणि शेजारणीनं दिलेली गोळीही तिथेच लिहायची. आम्ही पहिल्या गुरुवारी पेनानं भरलेल्या याद्या चार महिन्यांत खाडाखोडीनं वाचेनाशा झाल्या, कारण गोळ्या बदलतात, डोस बदलतो, एखादी सुटते. तेव्हा डबा उपडा करा, चष्मा लावा, आणि ही पानं पेन्सिलनं भरा.